मधला वेळ तुमचा

लग्न होऊन मी गडमुडशिंगीत आले तेव्हा आमच्या गच्चीवर वाळवण घालताना विमान उतरताना दिसायचं. काही वर्षांनी त्याच विमानतळावर मला काउंटरला नोकरी लागली. प्रवाशाचं ओळखपत्र बघायचं, बॅग काट्यावर ठेवायला सांगायची, तिला टॅग लावायचा, बोर्डिंग पास हातात द्यायचा आणि हसायचं. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची सून इमानात हाय." मी जमिनीवरच होते, पण त्यांना मी कधी दुरुस्त केलं नाही.

माझ्या बिल्ल्यावर विमान कंपनीचं नाव होतं, म्हणून मलाही बरेच दिवस वाटायचं की मी कंपनीचीच. पगार मात्र ठेकेदाराकडून यायचा. जमिनीवरचं सगळं काम कंपनीनं त्याला दिलेलं होतं. बॅगा चढवणारे लोडर, व्हीलचेअर नेणारे, आम्ही काउंटरवाल्या, सगळे त्याच्याच हजेरीवर. माणूस बरा होता. पीएफ कापायचा आणि भरायचाही. दवाखान्याचं कार्ड होतं, आजारपणाची रजा मिळायची. आम्ही त्याला नावं ठेवायचो, कारण गणवेशाचे बूट तो दरवर्षी हलके आणायचा. त्याचा ठेका संपला आणि नवा ठेकेदार येणार असं कळलं तेव्हा बुटांच्या आशेनं आम्हाला थोडं बरंच वाटलं होतं.

नव्या ठेकेदाराचा माणूस पुण्याहून आला. तरुण, बोलायला मऊ, प्रत्येकाला अहो-जाहो करणारा. आम्हा सगळ्यांना स्टाफच्या खोलीत बसवून त्यानं सांगितलं की आता काम तासांवर असेल. सकाळची विमानं येतात-जातात तेवढे तास, मग दुपारनंतरची येतात तेवढे तास. मधे विमान नसताना माणसं नुसती बसून असतात, त्याचा पगार कशाला? तासांवरच्या माणसाला पीएफ नाही, दवाखान्याचं कार्ड नाही, भरपगारी रजा नाही.

"पण फायदा बघा," तो म्हणाला, "मधला वेळ तुमचा."

लोडरांमध्ये सगळ्यांत जुने एक मामा होते. आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणायचो. मलकापूरच्या पुढं, शाहूवाडीच्या डोंगरात त्यांचं गाव. तरुणपणी ते मुंबईच्या विमानतळावर एका कंपनीत कायम नोकरीला होते, युनियनचे सभासद होते. ती कंपनी बंद पडली. मग गावी भात लावत राहिले, आणि इथं विमानं वाढली तेव्हा परत बॅगा उचलायला आले. मामी गावाकडं, आणि हे आमच्या गडमुडशिंगीत एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे.

मामांनी हात वर केला. "साहेब, मधल्या वेळात मी जाऊ कुठं?"

"घरी जा, आराम करा."

"माझं घर मलकापूरच्या पुढं हाय."

खोलीत सगळे हसले. तो साहेबही हसला. मामा हसले नाहीत. म्हणाले, "आणि कार्ड न्हाय म्हणताय, ते मला पटत न्हाय. तासाच्या माणसाची पाठ बी तीच असती."

साहेब म्हणाला, नियम तसाच आहे. मामा म्हणाले, नियम तसा नाही. कोण खरं ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. विचार करून नव्या करारावर सही करायला आम्हाला महिनाअखेरपर्यंतची मुदत मिळाली.

फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला चहाची एक गाडी उभी असते. तिथं आमची रोज बैठक भरायला लागली. आधी मला वाटलं होतं की सगळे एकाच बाजूचे असतील. तसं नव्हतं. आमच्या भावकीतलाच एक दीर लोडर होता. त्याच्याकडं म्हशी होत्या, सकाळी धार काढून, संकलन केंद्रावर दूध घालून तो कामावर यायचा. धावपट्टी लांबवली तेव्हा त्यांच्या घरचं उसाचं रान त्यात गेलं होतं, त्या पैशातनं त्यानं गोठा पक्का केला होता. तो उघड म्हणाला, "मला चालतंय की. मधल्या वेळात वैरण आणतो, म्हशी धुतो. आत्ता तरी काय, पत्त्याचा डाव मांडून बसतोय न्हवं आपण?"

"आणि पाठीत उसण भरली की?" मामांनी विचारलं.

"तवाचं तवा बघू. पीएफ म्हातारपणी मिळणार. म्हशीला वैरण आज लागती."

त्याचं चुकीचं होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. आमच्यात असे बरेच होते. कुणाचं दुकान होतं, कुणी रिक्षा चालवायचा, एकजण कॉलेजात शिकत होता. त्यांना मधला वेळ खरंच हवा होता. आणि ज्यांना या नोकरीशिवाय दुसरं काही नव्हतं, ते एकमेकांकडं बघत गप्प बसायचे.

काउंटरवर माझ्याबरोबर एक मुलगी होती. शिरोळकडची, जैन घरातली. लग्न करून कोल्हापुरात आलेली. मला अक्का म्हणायची. तिच्या पोटात बाळ आहे हे फक्त मला माहीत होतं. तिच्या घरी शेती होती, नवऱ्याचं छोटं दुकान होतं, उपाशी मरायची वेळ नव्हती. पण लग्नानंतर सासरच्यांनी नोकरी सोड म्हटलं तेव्हा ती भांडून कामावर राहिली होती. आता रजा मिळाली नाही तर नोकरी आपोआप सुटणार होती, आणि एकदा सुटली की परत कुणी तिला पाठवणार नव्हतं.

ती चहाच्या गाडीवर कधी बोलायची नाही. एके दिवशी दिरानं परत म्हशींचं काढलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, मला दिवस गेलेत. तासांवर गेले तर बाळंतपणाची रजा नाही. माझा मधला वेळ कुठला?"

एवढ्या पुरुषांत तिनं ते कसं सांगितलं असेल, मला अजून नवल वाटतं. दिरानं चहाचा ग्लास गाडीवर ठेवला, खाली बघितलं.

"हे आधी सांगायचं न्हाय व्हय," तो हळू आवाजात म्हणाला. आणि मग, "तर मग मी बी सही करत न्हाय."

त्या दिवशी ठरलं की एकट्यानं कुणी सही करायची नाही. केली तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. मामांनी हे सुद्धा सांगितलं की आपल्याला तास नको असं नाही. ज्याला तास हवेत त्यानं घ्यावेत. पण कार्ड आणि पीएफ सगळ्यांना, आणि जुनी नोकरी मोजली जावी, नाहीतर रजेच्या हिशोबाला सगळेच नव्यानं लागलेले ठरतील. एवढंच मागायचं. दिराला ते पटलं. त्याला त्याच्या म्हशीही सांभाळायच्या होत्या आणि शब्दही.

आम्ही अर्ज घेऊन शहरातल्या कामगार कार्यालयात जाऊन आलो. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तुमचं म्हणणं बरोबर आहे म्हणाल्या, पण दोन्ही बाजूंना बोलवायचं तर वेळ लागेल. मुदत मात्र जवळ येत होती.

मग त्या पुण्याच्या साहेबानं एकेकाला आत बोलवायला सुरुवात केली. माझी पाळी आली. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, काउंटरच्या मुलींना आम्ही पूर्ण वेळ घेतो. पीएफ, कार्ड, रजा, सगळं. फक्त लोडर तासांवर. "तुम्ही शिकलेल्या आहात मॅडम. बॅगा उचलणाऱ्यांच्या भांडणात तुम्ही कशाला पडता?"

मी म्हणाले, घरी विचारून सांगते.

नवरा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. तो जेवत होता. मी सांगितलं ते त्यानं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सही कर. आमच्यात कायमचे आणि ठेक्याचे एकाच भट्टीपुढं उभं राहतात. सुरुवातीला एकत्र जेवायचे. आता डबे सुद्धा लांब बसून खातात. तू न्हाय केलीस तर दुसरी कोणतरी करणार."

"आणि आपलाच माणूस बाहेर उभा असला तर?"

त्यानं भाकरी मोडून घेतली. म्हणाला, "मग मला कशाला इचारतीस?"

दुसऱ्या दिवशी मी चहाच्या गाडीवर सगळं सांगून टाकलं. दीर उसळला. "म्हणजे काउंटर उघडं ऱ्हाणार. काउंटर उघडं असलं की इमान उडतंय. बॅगा काय, बाहेरनं चार पोरं आणून टाकतील." त्याचं खरं होतं. तेवढ्यासाठीच तर आम्हाला वेगळं काढलं होतं.

मामा माझ्या काउंटरवरच्या मैत्रिणीकडं वळून म्हणाले, "पोरी, तू सही कर."

ती नको म्हणाली. मी एकटी आत आणि अक्का बाहेर, हे मला जमणार नाही म्हणाली. मामांनी सगळ्यांना विचारलं. एकेक लोडर म्हणाला, करू दे. दीर सगळ्यांत शेवटी म्हणाला, "करू दे. पण ही एकच." ती रडली नाही. तिनं ओढणीच्या टोकानं चष्मा पुसला आणि विमानाची वेळ झाली म्हणून आत गेली. मी सही केली नाही.

मुदतीचा शेवटचा दिवस आला. विमानतळावर आत जायचे आमचे पास संध्याकाळपर्यंत चालू होते, पण सही केल्याशिवाय कामाला लावणार नाही असं सांगितलं होतं, आणि आम्हीही सही करणारच नाही असं सांगून फाटकाबाहेर उभे राहिलो. घोषणा नव्हत्या. विमानतळाजवळ आरडाओरडा केला तर पोलीस उचलतील, असं मामांनी बजावलं होतं. ऊन होतं. साखर कारखाने सुरू झालेले, हवेत मळीचा वास होता. ठेकेदारानं बाहेरून आणलेली माणसं गाडीतून आमच्यासमोरून आत गेली. त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. आमच्यातल्या कुणी त्यांना काही म्हटलंही नाही.

हैदराबादचं विमान उतरलं. ते पंख्याचं छोटं विमान असतं, दारालाच त्याचा जिना. उतरलेले प्रवासी बॅगांसाठी खोळंबलेले, हे आम्हाला बाहेरच्या गाड्यांच्या गर्दीवरून कळत होतं. दीर म्हणाला, "बघा. कळूंदे आता." पहिल्यांदाच आमच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली.

तेवढ्यात माझी मैत्रीण आतून चालत आली. तिला भरभर चालता येत नव्हतं. फाटकाच्या जाळीपाशी येऊन ती म्हणाली, "मामा, विमानात एक आजी अडकल्यात. खुब्याचं ऑपरेशन झालंय. नव्या माणसांनी खुर्चीवर घेऊन जिन्यावरनं उतरवायचा प्रयत्न केला, तर खुर्ची कलली. आजी किंचाळल्या. आता कुणाला हात लावू देईनात. विमानात उकडतंय. साहेबांनी पाठवलेलं नाही मला. मीच आले."

मामा लगेच पुढं झाले. दिरानं त्यांचा दंड धरला.

"मामा, आज आत गेलासा की संपलं."

"बाई वर बसलीय. तिनं काय केलंय?"

"तिला उतरवायला माणसं न्हाईत हेच तर दाखवायचंय आपल्याला. ठेकेदाराला फोन करूंदे. दवाखान्याची गाडी बोलवूंदे. त्यांची जबाबदारी हाय. आपली न्हाय."

"गाडी येऊस्तवर ती तिथंच ऱ्हाणार?"

"ऱ्हाऊंदे की जरा."

ते त्यानं म्हटलं आणि त्यालाच ते ऐकून कसंतरी झालं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. पण त्यानं शब्द मागं घेतला नाही. मामांनी त्याचा हात सोडवला. त्या खुर्चीला दोन माणसं लागतात, एक वरून पाठीकडं, एक खालून पायांकडं. मामांनी मागं वळून बघितलं. लोडरांपैकी कुणी हललं नाही. माझ्या पायात काउंटरचे टाचेचे बूट होते, ते काढून मी चहाच्या गाडीखाली ठेवले आणि त्यांच्याबरोबर गेले. माहेरी मी वैरणीचे भारे उचललेले होते, वजनाचं मला काही नव्हतं.

आजी बारीक होत्या. नाकात चमकी, हातात जपमाळ गुंडाळलेली. मामांनी आधी त्यांच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "आई, कुठल्या गावच्या?" त्यांनी गडहिंग्लजकडचं गाव सांगितलं. "मग आपलीच की. कुणाकडं गेलतासा?" लेकीकडं गेले होते म्हणाल्या. बोलता बोलता मामांनी पट्टे आवळले, त्यांचे हात छातीवर घ्यायला लावले. "आता डोळे मिटायचे न्हाईत. माझ्याकडं बघत ऱ्हायचं. खाली ही पोरगी हाय, ती तुम्हाला पडू देणार न्हाय." मी खालच्या दांड्या धरल्या. एकेक पायरी, मामा "हं" म्हणाले की मी पाय खाली टाकायचा. धावपट्टीकडून वारा सुटला होता आणि अनवाणी पायाला जिन्याचं लोखंड तापलेलं लागत होतं. खाली टेकल्यावर आजींनी माझ्या गालावरून हात फिरवला. त्यांना गाडीपर्यंत पोचवून आम्ही बाहेर आलो.

बाहेर कुणी आमच्याशी बोललं नाही. दीर लांब जाऊन मोटरसायकलवर बसला होता.

दुपारी बोलणी झाली. पुण्याच्या साहेबानं मामांच्या पहिल्याच वाक्याला सांगितलं, "पण तुमची माणसं तर आज कामावर होती. बहिष्कार कुठं आहे?" त्याच्याकडं तेवढंच होतं आणि ते पुरेसं होतं. मामा शांतपणे एकच गोष्ट धरून बसले, जुनी नोकरी मोजायची. कामगार कार्यालयात अर्ज पडलाय, तिथं येऊ सगळे, म्हणाले. शेवटी साहेबानं ते मान्य केलं. कार्डाचं नंतर बघू म्हणाला. पीएफला नाही म्हणाला. लोडर तासांवरच. आणि जाता जाता, आवाज जराही न चढवता, सांगितलं की ठरावीक वयापुढचे लोडर ते ठेवत नाहीत. मामा त्या वयापुढं होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिरानं सही केली. त्याच्यामागं सगळ्यांनी. मीही केली, काउंटरच्या पूर्ण वेळेची. सही करताना मला कुणी जबरदस्ती केली नव्हती आणि मला आनंदही झाला नव्हता. मामा खोलीतलं सामान गोणीत भरत होते तेव्हा मी डबा घेऊन गेले. ते म्हणाले, "जुनी नोकरी लिहून घेतलीय, ती सोडू नका. त्या पोरीची रजा त्यातनं निघंल." आणि खरंच निघाली. तिला मुलगी झाली, काही महिन्यांनी ती कामावर परत आली. कामगार कार्यालयाच्या तारखा पडत गेल्या, आणि वर्षभरानं लोडरांना दवाखान्याचं कार्ड मिळालं. पीएफचं अजून चालू आहे. कार्ड हातात आलं त्या दिवशी दीर माझ्या काउंटरपाशी येऊन ते नुसतं दाखवून गेला.

दिवाळी झाल्यावर मी म्हटलं, मामांना भेटून येऊ. मला वाटलं दीर येणार नाही. तर सकाळी धार काढून तो दारात हजर. नवरा आणि मी एका गाडीवर, तो त्याच्या गाडीवर. मलकापूर मागं टाकून डोंगराच्या वाटेला लागलो. मामांच्या अंगणात भाताची झोडपणी चालली होती. मामा वाकताना कमरेवर हात ठेवत होते. आम्हाला बघून मामी आत चहा टाकायला गेल्या.

"बसा पावणं," मामा म्हणाले, आणि ते दिराला उद्देशून होतं.

चहा होईपर्यंत पिकाचं, रानडुकरांचं बोलणं झालं. मग दिरानं कप खाली ठेवला.

"मामा, त्या दिवशी तुम्ही आत जायला नको व्हतं."

"व्हय," मामा म्हणाले. "नको व्हतं."

"तुम्ही गेला नसतासा तर कार्ड तवाच मिळालं असतं. तुमची नोकरी बी."

"मिळालं असतं कदाचित."

"मग?"

मामांनी बोटांनी भाताच्या चार लोंब्या चुरल्या, फुंकर मारून दाणे तळहातावर बघितले. "मग काय. बाई खाली आली की."

दीर मग उठला, शर्ट काढून खांबाला अडकवला आणि पेंढी उचलून झोडायला लागला. नवराही उठला. दुपारपर्यंत दोघांनी अर्धं खळं संपवलं. मी मामींबरोबर चुलीपुढं बसले. त्यांनी मला नोकरीचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "हितं असत्यात ते बरं हाय. पण विमानाचा आवाज आला की बाहेर जाऊन बघत्यात."

निघताना ऊन उतरलं होतं. मलकापूरच्या स्टँडसमोर चहाला थांबलो. दीर म्हणाला, "पुढल्या वर्षी ठेका परत निघतोय, वैनी. तवा परत उभं ऱ्हायचं झालं तर मी कुणाला आत सोडणार न्हाय. तुला बी न्हाय. आधीच सांगतो."

"बघू," मी म्हणाले.

"बघू न्हाय. तवाच्या आधी व्हीलचेअरची चार माणसं ठेकेदाराकडनं नीट शिकवून घ्यायची, असा अर्ज उद्याच टाकू या. मग कुणी वर अडकायचा प्रश्नच न्हाय."

तो अर्ज आम्ही दुसऱ्या दिवशी दिला. त्यावर पहिली सही त्याची आहे, दुसरी माझी.